दुसऱ्याचं काय होतं

मस्कतच्या विमानतळावर खिडकीतल्या पोरानं
काचेपलीकडे थांबलेल्या यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि विचारलं : मुलगा?
यांना साठीला दोन कमी. मला छप्पन्न.
इंदुमती वासुदेव सातार्डेकर, विझिट व्हिसा, तीस दिवस.
मशीनवर अंगठा उमटेना.
जोरात दाबा, म्हणाला. दाबला.
आणखी जोरात.
राखेनं घासलेला, काजूच्या चिकानं सोललेला अंगठा,
त्यावर रेघा कसल्या शोधतोस, बाबा.

सूरला खाडी आहे. खाडीत लाकडी गलबतं,
दुरुस्तीला आडवी पडलेली.
काठावर माड नाहीत, एवढं सोडलं तर
वेंगुर्ल्यात उतरल्यासारखं वाटलं, आणि नाहीही.
यांची खोली दुसऱ्या मजल्यावर,
वर गच्ची, पाण्याच्या टाक्या, एसीची घरघर.
एकोणतीस वर्षं हे इथं राहतात
आणि मी पत्त्यावर फक्त पिनकोड ओळखत होते.

रविवारी मुदतवाढ. साहेबासमोर उभं राहायचं.
म्हणून गुरुवारी रात्री गच्चीवर
स्टुलावर यांना बसवून कलप लावला.
मान अजून ताठ. दंड भरलेले.
इतकी वर्षं कारखान्याच्या धक्क्यावर क्रेन चालवली,
उन्हानं रंग गेला, पण अंग गेलं नाही.
डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. अर्धा तास.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे शाजी मास्तर
दुर्बीण घेऊन वर आले. शाळेत विज्ञान शिकवतात.
टाक्यांच्या वर, दक्षिणेला, बोट दाखवून म्हणाले, बघा.
मी बघितलं.
रव्याची मूठ काळ्या पाटावर उधळावी तसं.
सगळे एका काळचे, बाराशे कोटी वर्षांचे.
निळे, तापट होते ते कधीच जळून संपले,
म्हणाले, उरलेत ते पिवळे, तांबूस, थकलेले.
पण मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर
त्या गर्दीत काही निळेशार आहेत, कालपरवा जन्मल्यासारखे.
मोबाईलवर फोटो दाखवला. होते खरे.

वय चोरलं? मी विचारलं.
वय नाही, वहिनी, इंधन.
कधी दोन तारे आदळून एक होतात.
पण पुष्कळदा शेजारी जोडीदार असतो.
दोघं एकमेकांभोवती फिरत राहतात.
एक म्हातारा होतो, सैल पडतो,
त्याच्या अंगावरचं दुसऱ्याकडे वाहत जातं,
आणि दुसरा पुन्हा तरुण दिसायला लागतो.

हा ओढून घेतो, की तो देतो?
मास्तरांनी डोकं खाजवलं.
गणित दोन्हीचं एकच येतं, म्हणाले.

खालच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.
सासूचं बाळंतपणासारखं केलेलं आजारपण,
कौलांचे पैसे, धाकट्याची फी, गाभण म्हैस,
फोनवर तीन मिनिटांत सगळं बरं आहे :
हे मी मोजत नव्हते. पण आठवलं.

आणि जो देतो, त्याचं काय होतं?

पांढरा ठिपका उरतो. पृथ्वीएवढाच.
या फोटोत दिसायचा नाही, निळ्याच्या उजेडात बुडून जातो.
पण तापलेला असतो, वहिनी. आणि जड.
त्यातली आगपेटीभर माती उचलायची तर क्रेन लागेल.

इतका वेळ गप्प बसलेले हे
डोक्यावरची पिशवी सावरत एकदम म्हणाले :
किती टनी?

असेल वीसेक टन.

माझी पंचवीसची आहे, हे म्हणाले.
माझ्याकडे पाहिलं नाही.
दुर्बिणीला डोळा लावून बसले, पुष्कळ वेळ,
तारे टाकीमागे सरकून गेले तरी.

मग नळाखाली मान वाकवली. काळं पाणी
गच्चीच्या उतारानं पन्हळीकडे गेलं.
टॉवेलनं पुसताना दिसलं :
उजव्या कानामागे बोटाएवढं पांढरं राहून गेलंय.
पाकिटात कलप शिल्लक होता.

मी काही बोलले नाही.